टाकी वर राहू दे

डॉक्टरांनी माझ्या बायकोला विचारलं, "घरी चुलीवर स्वयंपाक करता का?" ती म्हणाली, "नाही." मी तिच्या शेजारी बसलो होतो. मी काही बोललो नाही.

डॉक्टरांनी कागदावर तसं लिहून घेतलं. मग घरात कुणी विडी ओढतं का, कधी गिरणीत कामाला होता का, लहानपणी छातीचं दुखणं झालं होतं का, असं विचारत गेले. सगळ्याला तिनं नाही म्हटलं. ती बाकीची उत्तरं खरी होती. शेवटी तिनं न विचारता सांगितलं, "आमच्याकडं गोबर गॅस आहे. पहिल्यापासून. यांनीच तर तालुक्यात सगळीकडं बसवले." डॉक्टर माझ्याकडे बघून कौतुकानं हसले. मीही हसलो असेन. दवाखान्यात कुणी आपल्याकडे बघून हसलं की माणूस हसतोच.

दवाखाना शहरात होता. तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं. परतीच्या एसटीत तिनं खिडकीची जागा घेतली. तिला वारा हवा होता. आमच्या तालुक्याचं गाव कन्नड येईपर्यंत आम्ही मुलाच्या परीक्षेविषयी बोललो, म्हशीविषयी बोललो. चुलीविषयी ती बोलली नाही आणि मीही विषय काढला नाही.

माझी नोकरी गोबर गॅसची होती. तालुक्याच्या कचेरीत माझ्याकडे तेवढंच काम. गावोगाव जायचं, लोकांना घराशेजारी खड्डा खणायला तयार करायचं, बांधकाम बघायचं, आणि नंतर अधूनमधून जाऊन संयंत्र चालू आहे की बंद ते वहीत लिहायचं. मी मराठी घेऊन बी.ए. झालो होतो. कुठल्या तरी शाळेत शिकवत असेन असं मला कॉलेजात वाटायचं. गावांमधून मला लोक शेणसाहेब म्हणत. तोंडावर नाही, पण मला ऐकू येईल इतपत. शहरात काम निघालं की मी औरंगपुऱ्यात जुन्या पुस्तकांच्या दुकानात तासभर उभा राही, आणि पुस्तकाची पिशवी सायकलला लावून पुन्हा शेणाकडे येई.

मला चार माणसांत बोलता येत नसे. त्यातून गोबर गॅस ही बायकांना पटवायची गोष्ट. पुरुष सबसिडीचं ऐकून मान डोलवत, पण शेण कालवणार बाई आणि शेगडीसमोर बसणार तीच. एका गावी शाळेच्या ओसरीत बायका जमल्या होत्या. मी घरून लिहून नेलेलं वाचून दाखवलं, "धूर हा गृहिणीचा अदृश्य शत्रू आहे." पुढं बसलेली एक म्हातारी म्हणाली, "अदृश्य कसा व्हईल, बाबा? मला तर लई दिसतो. डोळे जायची पाळी आली बघून बघून." सगळ्या हसल्या. मागून दुसरी म्हणाली, "साहेब, शेणातून जाळ निघतो म्हणता, मंग म्हशीलाच नळी लावा की. खड्डा कशाला?" मी कागदाची घडी घातली.

घरी येऊन मी हे बायकोला सांगितलं. ती पोट धरून हसली. मग म्हणाली, "त्यांनला कागद नका वाचून दाखवू. त्यांनला जाळ दाखवा."

असा आमच्या घरी गोबर गॅस बांधायचा ठरला. आमचं गाव कन्नडहून घाटाकडे जाणाऱ्या सडकेवर, आणि घर अगदी सडकेला लागून. दोन बैल, एक गाय, एक म्हैस. गोठ्याच्या बाजूला विहिरीसारखा गोल खड्डा विटांनी बांधून काढला. त्यात शेण आणि पाणी सारखं कालवून सोडायचं. वर लोखंडी टाकी उपडी तरंगते. गॅस तयार झाला की ती वर उचलली जाते, गॅस वापरला की खाली बसते. टाकीतून नळी स्वयंपाकघरात येते. यात अवघड काही नाही, आणि ते माझ्या बायकोला पहिल्याच दिवशी समजलं.

शेगडी पेटली तेव्हा भर दुपार होती. जाळ निळा, उजेडात दिसेना. ती वाकून बघत म्हणाली, "पेटलाय का?" आणि हात वर धरला आणि पटकन मागे घेतला. त्या आठवड्यात तिनं सगळं त्याच शेगडीवर केलं. भाकरी, कालवण, दूध, मुलांचं अंघोळीचं पाणीसुद्धा. संध्याकाळी लवकर मोकळी होऊन दारात येऊन बसायची. एकदा मी वाचत होतो, तर म्हणाली, "माझ्या पदराचा वास घ्या." मी घेतला. धुराचा वास नव्हता. आमच्या लग्नाला तेव्हा सात वर्षं झाली होती आणि धुराशिवाय तिचा वास कसा असतो हे मला माहीत नव्हतं.

त्याच्या पुढच्या थंडीत वरून एक साहेब पाहणीला आले. थंडीत शेण सावकाश कुजतं, गॅस कमी होतो. त्यात सकाळचा सगळा स्वयंपाक झालेला. टाकी खाली बसली होती. साहेब जीपमधून उतरायच्या आधीच म्हणाले, "हा पण बंदच का?" मी आत नेऊन शेगडी पेटवून दाखवली, पेटलीही, पण त्यांचं लक्ष नव्हतं. त्या वर्षांत पुष्कळ संयंत्रं बांधून बंद पडलेली होती, आणि बसलेली टाकी म्हणजे बंद संयंत्र हे लोकांच्या डोळ्यांत पक्कं बसलं होतं. एसटीतून जाणारी माणसंसुद्धा आमच्या टाकीकडे बघत आणि एकमेकांना दाखवत.

त्या दिवशी संध्याकाळी मी बायकोला म्हणालो, "टाकी वर राहू दे."

ती म्हणाली, "मंग भाकरी?"

मी म्हणालो, "थंडी आहे तोवर चुलीवर कर. चहा कर गॅसवर. कुणी बघायला आलं की गॅस लाव."

चूल स्वयंपाकघरात होती. येणाऱ्याला ती दिसली असती. म्हणून ती मी हलवली. गोठ्याच्या मागं पत्र्याचं छप्पर होतं, उभं राहिलं तर डोकं लागेल इतकं खाली. तिथं नवी चूल घातली आणि सडकेवरून दिसू नये म्हणून पुढं गोणपाट लावलं. स्वयंपाकघराच्या भिंतीला चुना दिला. ही कामं मी स्वतः केली, रविवारी, आणि झाल्यावर मला बरं वाटलं होतं.

थंडी गेली. उन्हाळ्यात गॅस भरपूर होतो. टाकी पूर्ण वर येऊन थांबे आणि जास्तीचा गॅस तिच्या कडेनं बुडबुडे होऊन हवेत जाई. मी अंगणात खुर्ची टाकून वाचत बसलो की तो बुडबुड्यांचा आवाज यायचा. आणि गोणपाटाच्या मागून खोकल्याचा. "आता वापर" एवढं मी म्हणायला हवं होतं. मी म्हणालो नाही. ती विचारेल असं मला वाटलं असावं. तिनं विचारलं नाही.

आणखी एक गोष्ट मी तेव्हा हिशेबात धरली नव्हती. शेण सगळं खड्ड्यात जात होतं, त्यामुळे गवऱ्या थापायला उरत नव्हतं. ती चुलीत कापसाच्या पऱ्हाट्या घालायची, पावसाळ्यात त्या ओल्या असायच्या. गोबर गॅस नसता तर तिला निदान वाळलेल्या गवऱ्या आणि स्वयंपाकघराचा झरोका मिळाला असता. मी इतरांसाठी जनावरांवरून गॅसचा हिशेब काढून देत असे. हा हिशेब मी कधी मांडला नाही.

मग बायका बघायला येऊ लागल्या. बाजारच्या दिवशी कन्नडहून परतताना जीप थांबवून उतरायच्या. माझी बायको त्यांना आधी शेण कालवून दाखवायची, मग आत नेऊन शेगडी पेटवायची. मी बाहेरच थांबत असे, पण ऐकू यायचं.

एकदा एकजण म्हणाली, "ह्या घाणीच्या जाळावरचा निवद देवाला चालंल का, बाई?"

"आन् गवऱ्या काय गुलाबाच्या थापता व्हय तुम्ही?" माझी बायको म्हणाली. "त्याबी शेणाच्याच. देवानं आजपस्तोर कधी ताट माघारी लावलं का?"

हसण्याचा मोठा आवाज आला. मी जे दोन वर्षांत करू शकलो नव्हतो ते तिनं एका चहात केलं होतं. शेवटी ती सगळ्यांना एकच सांगायची, "टाकी वर ठिवायची बरं का. टाकी वर असली की घर जितं दिसतं." हे तिला कुणी शिकवलं ते मला माहीत होतं.

आमच्या शेजारी एक मुसलमान कुटुंब होतं. त्यांच्या दोन म्हशी, दुधाचा धंदा. त्या घरची बाई माझ्या बायकोची मैत्रीण. तिलाही गोबर गॅस करायचा होता. ती एक दिवस शेगडी बघायला आली आणि शेगडी बघायचं सोडून मांडणीवरची कढई उलटी करून बघितली.

"भाभी, गॅसवाली की कढई काली कायकू?"

"पाणी तापवते ना मागं चुलीवर."

"कढई में पानी तापवते व्हय? न्हाता का तळून निघता?"

माझी बायको हसली. तीही हसली. बाहेर मला वाटलं, आता ही गावभर सांगणार. पण तिनं कुणाला सांगितलं नाही. महिन्यानं त्यांच्याकडे खड्डा खणला गेला. आणि त्या दिवसापासून माझी बायको चुलीवर चढवायच्या आधी प्रत्येक भांड्याला बाहेरून मातीचा लेप देऊ लागली, म्हणजे काजळी लेपावर धरते आणि धुतल्यावर भांडं पांढरं निघतं. रोज सकाळी ती अंगणात बसून भांडी लेपायची. मी सायकल काढताना बघायचो. ती किती टापटिपीची आहे असं मला वाटायचं. माझ्या डायरीत तसं लिहिलेलंही आहे. ते पान मी अलीकडेच वाचलं.

आमच्याकडचा जाळ बघून आजूबाजूच्या गावांत बरीच संयंत्रं झाली. मी त्यांच्या पाहणीला जायचो. टाक्या वर असायच्या. मी शेगडी पेटवून बघायचो, पेटायची. वहीत लिहायचो, "चालू". पुष्कळ घरांत परसात पोत्याचा आडोसा असायचा आणि त्याच्यामागून धूर यायचा. एका घरी मी सुनेला विचारलं, "चूल अजून आहे का?" ती लाजून म्हणाली, "मला न्हाय जमत अजून. टाकी बसती. कन्नड रोडच्या बाईंना कसं जमतं कुणास ठाऊक." ती माझ्या बायकोविषयी बोलत होती. मी चहा घेतला आणि निघालो. खरं सांगितलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं: टाकी बसली तरी पुन्हा भरते, बाई, बसू दे, पण तू धुरात बसू नको.

खोकला कधी सुरू झाला ते मला सांगता येत नाही. पहिल्या दवाखान्यानंतर तपासण्या झाल्या, गोळ्या झाल्या, त्या बदलल्या. डॉक्टरांना काही थांग लागेना. प्रत्येक वेळी ते तो पहिला कागद काढून बघत आणि म्हणत, "धुराचा तर काही संबंध नाही." मी मान हलवायचो. तिथं खरं बोललं असतं तर काय वेगळं झालं असतं, हे मी नंतर एका ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "थोडं झालं असतं. निदान चूल बंद करायला सांगितलं असतं." चूल बंद करायला डॉक्टर लागत नव्हता.

मग सिलिंडर आला. मुलगा शहरात नोकरीला लागला होता, त्यानंच आणून दिला. शेगडी नवी आली, चूल मोडली, जनावरं विकली. पण तोवर तिला अंगण झाडताना दोनदा बसावं लागत होतं.

शेवटच्या वर्षी तिला शहरातल्या दुसऱ्या एका दवाखान्यात ठेवलं. तिथं एक तरुण बाई डॉक्टर होत्या. त्यांनी खाटेजवळ स्टूल ओढून घेतलं आणि तेच विचारलं, "मावशी, चुलीवर किती वर्षं केलात स्वयंपाक?" माझ्या बायकोनं मान हलवली. "न्हाय. आमच्याकडं गोबर गॅस."

मी म्हणालो, "चूल होती. पंधरा वर्षं. बंद छपरात."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बघितलं, लिहून घेतलं, आणि आणखी दोन-तीन गोष्टी विचारल्या. त्यांची मी उत्तरं दिली. बोलताना मला हलकं वाटलं होतं, हेही सांगायला हवं. मग मी बायकोकडे वळलो. ती भिंतीकडे तोंड करून निजली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. मी मोसंबी सोलून दिली, ती तिनं घेतली नाही. मग बोलली, हळू, दर चार शब्दांनी थांबून.

"तुम्ही मला खोटं पाडलं."

मी म्हणालो, "अगं, खोटी तू कशी? खोटा मी."

"बोलले तर मी. तुम्ही तर बाहेर खुर्चीवर असायचे." थोडी थांबली. "आन् सांगायचं व्हतं तर त्या पोरीला कशाला सांगितलं? तिनं काय माझं ऐकून खड्डा खणला?"

"मग कुणाला सांगू?"

"बायांना. किती जणी आल्या, किती जणींना मी म्हणलं, माझ्याकडं चूल नाय. त्या घरी गेल्या, त्यांची टाकी बसली, आन् त्यांना वाटलं, आपल्यातच काही कमी. ती बाई करती, आपल्याला जमंना." तिला खोकला आला. मी पाणी दिलं. "त्यांना एवढंच सांगा, मलाबी जमलं नव्हतं."

मी म्हणालो, "सांगतो."

तिनं माझ्याकडे बघितलं. ती मला ओळखून होती. "कागद वाचून दाखवू नका," ती म्हणाली, आणि थोडी हसली. त्यानंतर तीन आठवड्यांनी ती गेली.

दहाव्याला बायका आल्या. दूरच्या गावांच्याही होत्या, ज्यांना मी दारात उभं राहून पाहिलं होतं आणि ज्यांची नावं माझ्या वहीत नवऱ्यांच्या नावानं होती. त्या आत बसल्या. एकजण म्हणाली, "नशीब बघा. बाईच्या घरात धूर नव्हता, तरी छातीनंच नेलं." दुसरी म्हणाली, "आम्ही तर जलमभर फुंकलं, आन् आम्ही बसलोय." मी दारात होतो. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. तिनं ते मला तयार करून दिलं होतं.

पण ते वाक्य खरं नव्हतं, आणि तेच मला अडवतं. तिला जमलं होतं. पहिल्या आठवड्यात तिनं ते करून दाखवलं होतं. मी जमू दिलं नाही. तिनं जाता जाता माझ्यावरचं उचलून पुन्हा स्वतःवर घेतलं होतं, तसंच जसं पहिल्या डॉक्टरांसमोर घेतलं होतं. तिचं वाक्य मी बोललो तर पुन्हा एकदा तिच्या आड लपेन. आणि खरं बोलायचं तर मला सांगावं लागेल की गोणपाट मी लावलं, आणि तुमच्या परसातलं मी पाहत होतो आणि वहीत चालू लिहीत होतो. हे मी कित्येकदा मनात जुळवलं. शब्द मिळत नाहीत असं नाही. शब्द मला नेहमीच मिळत आलेत, कागदावर.

हे लिहून झाल्यावर कुणाला तरी वाचायला देईन असं सुरुवातीला वाटलं होतं. पण ज्यांना सांगायचं त्यातल्या बहुतेक जणींना वाचता येत नाही. त्यांच्याकडे जावंच लागेल, आणि ओसरीत बसून तोंडानं सांगावं लागेल.

आमच्याकडे पहिल्यांदा शेगडी बघायला आलेल्या बायांपैकी चौघी अजून आहेत. दोघी जवळच्या गावात, एक घाटाखाली, एक मुलाकडे कन्नडला. चौघींनाही खोकला आहे. मी अजून एकीकडेही गेलेलो नाही.